उरलेले नऊ टाके

सुखदा बनशंकरीतल्या त्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायला आली त्याला दोन वर्षं झाली, तेव्हा कुठे तिला कळलं, की खालच्या वसुमतीअक्कांना मोज्याचं टोक बंद करता येत नाही.

तिला आधी ती थट्टाच वाटली. अक्का शहात्तर वर्षांच्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, आणि मोजे विणण्यात त्यांचा हात धरणारं त्या गल्लीत कोणी नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टर ऑपरेशनसाठी मागे लागले होते आणि अक्का 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून टाळत होत्या. तरी नुसत्या बोटांनी चाचपत त्या पाच सुयांवर मोजा गोलगोल उतरवत आणायच्या. सुखदाला विणकाम त्यांनीच शिकवलं. ती मूळची नागपूरची, एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम घरून करायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून डोकं भणभणलं, की पाचच्या सुमाराला लॅपटॉप मिटून खाली उतरायची. मागच्या व्हरांड्यात अक्का कॉफीचे दोन पेले घेऊन वाट बघत असायच्या. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षं या कानडी मुलखातच रुजलेलं. त्यांच्या मराठीत कानडी शब्द, 'जरा'ला 'स्वल्प', 'बरं'ला 'सरी', असे कालवलेले असायचे, की सुरुवातीला सुखदाला निम्मं बोलणं कळायचं नाही. उलट सुखदाने "काय करून राहिल्या अक्का?" असं विचारलं, की अक्कांना हसू आवरायचं नाही.

डिसेंबरात सुखदाचा आयुष्यातला पहिला मोजा टोकापर्यंत आला. टाच वळवून झाली होती, पाऊल झालं होतं, आणि निमुळतं करत करत दोन सुयांवर सोळा-सोळा टाके उरले होते. समोरच्या सुईवर सोळा, मागच्या सुईवर सोळा, मधे पायाच्या बोटांपुढची उघडी फट.

"आता?" तिने विचारलं.

"आता काय. पुढचं मला येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे येत नाही गं. ते पद्मक्का करायची."

पद्मक्का म्हणजे पद्मावती, अक्कांची दोन वर्षांनी थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. वसुमतीअक्कांचे यजमान लवकर वारले आणि त्या बहिणीकडे परत आल्या. मग दोघी या घरात चाळीस वर्षं एकत्र राहिल्या. विणायचं धाकटीने आणि टोक जोडायचं थोरलीने, अशी वाटणी त्यांच्यात लहानपणीच पडली होती, ती कधी बदलली नाही. अकरा वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या एका दुपारी, पद्मक्का याच व्हरांड्यात उन्हात पाय सोडून बसली होती. वसुमतीअक्कांसाठी केलेल्या जोडीतला दुसरा मोजा तिच्या हातात होता. अक्का कॉफी करायला आत गेल्या. पेले घेऊन बाहेर आल्या तेव्हा बहिणीची मान छातीवर आली होती आणि सुई बोटांत तशीच धरलेली होती.

"तेव्हापासून मी टोकाला दोरा ओवते आणि आवळून टाकते," अक्का म्हणाल्या. "पिशवीचं तोंड आवळतात तसं. गाठ बोटांना टोचते. पण फुकट मिळालेल्या मोज्यांना कोण नावं ठेवणार?"

सुखदाने वर जाऊन मोबाइलवर व्हिडिओ लावला. पहिल्यांदा काहीच कळेना. जाड, बोथट सुईत लोकरीचा दोरा ओवायचा आणि दोन्ही सुयांवरच्या टाक्यांमधून तो अशा रीतीने फिरवायचा, की मधे विणकामाची एक नवी ओळ तयार होते. शिवण दिसत नाही, गाठ लागत नाही, बोट फिरवलं तरी जोड सापडत नाही. समोरच्या सुईवरच्या टाक्यात सुलट घालून तो सुईवरून काढायचा, शेजारच्यात उलट घालून तो ठेवायचा. मागच्या सुईवरच्या टाक्यात उलट घालून काढायचा, शेजारच्यात सुलट घालून ठेवायचा. एवढंच. पण मधे कोणी हाक मारली की संपलं, कुठे होतो ते आठवत नाही. तिने चारदा उसवलं. शेवटी स्वतःशी मोठ्याने म्हणत राहिली: सुलट काढ, उलट ठेव. उलट काढ, सुलट ठेव. दुसऱ्या दिवशी दुपारी मोजा बंद झाला.

तिने तो अक्कांच्या हातात दिला. अक्कांनी टोकावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"उजवीकडून डावीकडे गेलीस," त्या म्हणाल्या.

"हो. सगळे तसंच करतात ना?"

"पद्मक्का डावखुरी होती. तिची ओळ डावीकडून यायची." त्या उठल्या. "थांब स्वल्प. तुला एक दाखवते."

त्यांनी कंबरेच्या किल्लीने कपाट उघडलं आणि साड्यांच्या मागून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढला. डब्यात वांगी रंगाचा मोजा होता. टोकाला दोन ॲल्युमिनियमच्या सुया, आणि डावीकडून निघालेल्या दोऱ्याच्या शेवटी लोंबणारी बोथट मोठी सुई. अकरा वर्षांत अक्कांखेरीज त्याला कोणी हात लावलेला नव्हता. डाव्या बाजूचा भाग इतका सफाईने जुळला होता, की तिथे कधी फट होती यावर कोणाचा विश्वास बसला नसता. उजवीकडे मात्र तोंड उघडंच होतं.

"मोज बघू किती उरलेत. मला दिसत नाही."

सुखदाने मोजले. "नऊ. दोन्ही सुयांवर नऊ-नऊ."

"नऊ," अक्का म्हणाल्या. "सरी. पुढच्या शनिवारी परत मोजशील?"

कशासाठी, हे सुखदाने विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाला अशी एखादी गोष्ट धरून ठेवायची असते, असं तिला वाटलं. तिची आई नागपूरला कोविडच्या दुसऱ्या वर्षी वारली, तेव्हा सुखदा नोकरीपायी याच शहरात अडकून पडली होती. आईचा एक चष्मा तिच्याही कपाटात होता आणि तिनेही तो अजून पुसला नव्हता.

पुढच्या शनिवारी आठच टाके उरले होते.

सुखदाला वाटलं, आपणच गेल्या वेळी चुकलो. टाके एकमेकांवर चढले की एखादा जास्त मोजला जातो. पण टेस्टिंगवाल्या माणसाची सवय, म्हणून तिने मोबाइलने फोटो काढून ठेवला. अक्कांना 'आठ' सांगितलं. अक्कांनी फक्त मान हलवली आणि डबा कपाटात ठेवून किल्ली कंबरेला खोचली.

त्याच्या पुढच्या शनिवारी सात होते. तिने फोटो उघडून शेजारी धरला. फोटोत आठ होते, स्पष्ट. लोंबणारा दोरा बोटभर आखूड झाला होता. दोऱ्याच्या टोकाची सुई तिने चिमटीत धरली आणि लगेच सोडली. कपाटातल्या वस्तूंना, त्यातून डिसेंबरात, एक गारवा असतो. ही सुई कोमट होती. हातात बराच वेळ धरलेली सुई होते, तशी.

"सात," ती म्हणाली. "अक्का, तुम्हीच करून राहिल्या ना हे?"

"मला येतं का?"

"मी करताना ऐकून शिकला असाल."

अक्कांनी वाद घातला नाही. सुखदाने सरावासाठी विणलेला एक तुकडा आणला, त्यांच्या हातात सुई दिली आणि शेजारी बसून एकेक पायरी सांगू लागली. अक्का मनापासून प्रयत्न करत होत्या. विणताना न बघता पळणारी ती बोटं इथे मात्र लहान मुलासारखी अडखळत होती. तीन टाक्यांत दोरा असा गुंतला, की कात्रीच घ्यावी लागली. हे सोंग नव्हतं, एवढं सुखदाला नक्की कळलं. आणि ते कळल्यावर व्हरांड्यातलं ऊन तिला एकदम फिकं वाटलं.

पुढच्या शनिवारी सहा टाके होते. त्या आठवड्यात ती दुपारचे कॉल घेताना मधेच कान देऊन ऐकू लागली होती. खालून काही आवाज येत नव्हता. तेच तिला जास्त भेडसावत होतं.

रविवारी अक्कांचा धाकटा भाऊ आला. त्रिविक्रमअण्णा होसकोट्याला राहायचे. तिथल्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा खोकी बनवायचा छोटा कारखाना होता. दर रविवारी 'वसक्का' अशी हाक मारत बहिणीसाठी भाजी घेऊन यायचे, तासभर बसायचे, डोळ्यांच्या ऑपरेशनवरून तिच्याशी भांडायचे आणि निघायचे. सुखदाने त्यांना जिन्याखाली गाठलं आणि फोटो दाखवले. आपण वेडगळ दिसणार याची तिने तयारी ठेवली होती. अण्णा हसले नाहीत. त्यांनी तिचा मोबाइल हातात घेतला आणि प्रत्येक फोटो बोटांनी मोठा करून बघितला.

"तो मोजा मी पद्मक्काबरोबरच द्यायला निघालो होतो," ते म्हणाले. "चितेवर. वसक्कानं माझ्या हातातून ओढून घेतला."

"अण्णा, हे काय आहे?"

"मला काय माहीत? पण तो इथं नको." ते थेट आत गेले. सुखदाला बाहेरून त्यांचा चढलेला आवाज ऐकू आला, मग अक्कांचा शांत आवाज. दहा मिनिटांनी ते डबा काखेत मारून बाहेर आले आणि गाडीत बसले.

संध्याकाळी सुखदा बिचकतच खाली गेली. आपण चहाडी केली असं तिला वाटत होतं. अक्कांनी नेहमीसारखा पेला पुढे केला.

"नेऊ दे त्याला," त्या म्हणाल्या. "लहानपणी पण असाच होता. जे नको ते उचलून लांब ठेवायचं."

गुरुवारी अकरा वाजता, सुखदा कामात असताना, फाटकाशी अण्णांची गाडी थांबली. ती खाली उतरली तोवर त्यांनी डबा जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. ते स्वतः मात्र उंबऱ्यापाशीच उभे होते. आत येऊन बसा म्हटलं तरी बसेनात.

"कारखान्यात, माझ्या ऑफिसच्या लोखंडी कपाटात ठेवला होता," ते म्हणाले. "कुलूप लावून. काल जेवून आलो आणि कपाटातून आवाज यायला लागला. पत्र्याला सुई लागते तसा. टिक. मग थांबायचा. मग टिक. मशिनं चालू होती बाहेर, तरी ऐकू येत होता. पाच वाजेपर्यंत मी खुर्चीवरून हललो नाही."

सुखदाने डबा उघडला. चार टाके उरले होते.

"तिकडे तिला घाई झाली असेल," अक्का म्हणाल्या. "अनोळखी जागी तिला कधी करमायचं नाही."

"वसक्का!" अण्णांचा आवाज फुटला. "तो मोजा कोणासाठी होता?"

"माझ्यासाठी."

"पहिला तयार आहे. हा दुसरा झाला की जोडी पूर्ण. मग काय होईल?"

अक्कांनी डब्याचं झाकण लावलं. अण्णा सुखदाकडे बघून म्हणाले, "तिच्याजवळ थांब. मी रविवारी येतो, डॉक्टरांना घेऊन." कोणते डॉक्टर आणि कशाला, हे त्यांनाही ठाऊक नसावं.

शुक्रवारी दुपारी अक्का शेजारणीबरोबर बनशंकरीच्या देवळात गेल्या, लिंबाच्या अर्ध्या सालीत तुपाचे दिवे लावायला. दर शुक्रवारी जायच्या. डबा टेबलावरच होता. कुलपाचा काही उपयोग नाही हे सगळ्यांनाच कळलं होतं. सुखदाने मनाशी ठरवलं, की घर रिकामं असताना आपण हे उसवून टाकायचं. जे घातलं ते उसवता येतं, एवढं तिला विणकामातलं नक्की माहीत होतं. पुन्हा नऊ झाले तर पुन्हा काही आठवडे मिळतील. मग पुन्हा उसवू.

ती मोजा घेऊन खिडकीपाशी बसली. शेवटच्या टाक्याखाली सुईचं टोक घालून तिने दोरा वर उचलला आणि ओढला. तो आला नाही. लोकर जुनी झाली की धरून बसते, म्हणून तिने जरा जोर लावला. तेव्हा तो ओढला गेला, पण उलट्या बाजूला. हिसका नव्हता. आपण एखाद्याच्या हातातलं काम ओढावं आणि त्याने वर न बघताच ते परत आपल्याकडे घ्यावं, तेवढंच.

सुखदा तशीच बसून राहिली. मग, का ते तिला नंतरही सांगता आलं नाही, तिने डावा हात मोज्याच्या वरच्या तोंडातून आत घातला. आत ऊब होती. कोणी नुकताच पाय बाहेर काढलेल्या मोज्यात असते, तशी ओलसर ऊब.

तिने हात बाहेर काढला. तिला भीती वाटली होती, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते वेगळ्याच कारणाने. आईचा चष्मा पाच वर्षं कपाटात होता. तो कधी कोमट लागला नव्हता.

"उसवत नाही ना?"

अक्का दारात उभ्या होत्या. कपाळावर देवळातलं ताजं कुंकू होतं. सुखदा उठली, काहीतरी सांगायला लागली, पण अक्कांनी हाताने थांबवलं आणि चाचपत येऊन खुर्चीवर बसल्या.

"ती उसवू देणार नाही. तिला अर्धं टाकलेलं काम कधी चाललं नाही."

"तुम्हाला माहीत होतं."

"बोटांना कळत होतं गं. दिवाळीपासून. पण माझ्या बोटांवर माझा विश्वास नव्हता, म्हणून तुला मोजायला लावलं." त्या थांबल्या. "ती वाईट नव्हती. तिला एकटीला कुठं जायला आवडायचं नाही, एवढंच. कोपऱ्यावर भाजीला जायचं असलं तरी चप्पल घालून फाटकाशी उभी राहायची, मी येईपर्यंत. हाक नाही मारायची. नुसती उभी. अकरा वर्षं अशीच उभी असेल."

"तुम्हाला जायचंय का?"

आपण हे असं तोंडावर विचारलं, याचं सुखदाला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. अक्कांना बहुधा कोणीतरी हे विचारायला हवंच होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता, चोरी कबूल करताना होतो तसा. "मला अजून जायचं नाही. लाज वाटते सांगायला, पण नाही. डोळे करून घ्यायचेत. त्रिविक्रमाच्या नातीचं लग्न बघायचंय. तुझा चेहरासुद्धा मी कधी नीट बघितला नाही. दोन वर्षं रोज कॉफी पितेस समोर बसून, आणि तू कशी दिसतेस मला माहीत नाही."

सुखदाने त्यांचा हात धरला. मग सुखदा म्हणाली, "अक्का, हा दुसऱ्या बाजूने बंद करता येतो."

"म्हणजे?"

"पद्मक्का डावीकडून येत आहेत. मी उजवीकडून जाईन. दुसरा दोरा लावून. शेवटचा टाका मी घातला तर मोजा माझ्या हातून पूर्ण होईल. त्यांच्या नाही."

यात काही तथ्य होतं की नाही, देव जाणे. पण त्या घरात त्या दिवशी दोघींना दुसरं काही सुचत नव्हतं.

शनिवारी दुपारी तीन वाजता त्या दोघी मागच्या व्हरांड्यात बसल्या. ऊन लाल फरशीवर अर्ध्यापर्यंत आलं होतं. वांगी रंगाची लोकर अक्कांकडे शिल्लक होती, तीच अकरा वर्षांपूर्वीची. सुखदाने डबा उघडला आणि टाके मोजले. चार नव्हते. तीनच होते.

तिने दोरा ओवला. उजव्या टोकाच्या टाक्यात सुई घातली. सुलट काढ. उलट ठेव. तिचे ओठ हलत होते आणि शेजारी अक्काही तेच पुटपुटत होत्या. उलट काढ. सुलट ठेव. एक टाका जुळला. तिने दोरा हलकेच ओढून बेताचा केला, आणि नजर वर केली.

डावीकडे लोंबणारी मोठी सुई आता लोंबत नव्हती. डावीकडचा टाका केव्हाच जुळला होता आणि ती मधल्या टाक्यात शिरून आडवी थांबली होती. वारा नव्हता. अंगणातल्या कढीपत्त्याचं पानही हलत नव्हतं.

"अक्का," सुखदा कुजबुजली. "एकच उरलाय. आणि त्यात त्यांची सुई आहे."

अक्कांचा चेहरा पांढरा पडला, पण त्यांनी मान ताठ केली. त्या जिकडे बघत होत्या तिकडे कोणी नव्हतं. पायरीखाली फक्त उन्हाचा एक तुकडा होता.

सुखदाने आपली सुई त्याच टाक्यात घातली. टोकाला टोक लागलं. टिक. समोरची सुई मागे हटली नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. टिक. तिच्या मनगटाला समोरून कोणीतरी धरल्यासारखं जाणवत होतं. ते दाबत नव्हतं, जागा मागत होतं. आणि तिच्या स्वतःच्या डाव्या हाताची बोटं, जी एरवी नुसता मोजा धरून असायची, ती त्या दुसऱ्या सुईकडे निघाली होती. तिने त्यांना जायला सांगितलं नव्हतं.

"पद्मक्का," अक्का मोठ्याने म्हणाल्या. फोनवर लांबच्या माणसाशी बोलावं तसा आवाज काढून. "पद्मक्का, मी येत नाही अजून. स्वल्प थांब."

गल्लीतून एक रिक्षा गेली. मग मोठी सुई सैल पडली आणि टाक्यातून घसरून दोऱ्याला लोंबू लागली.

सुखदाने शेवटचा टाका घातला. जोड चांगला बसला. तिने आपला आणि पद्मक्काचा, दोन्ही दोरे आतल्या बाजूला घेऊन लपवले आणि कापले. मोकळ्या झालेल्या दोन ॲल्युमिनियमच्या सुया आणि ती मोठी सुई तिने कठड्यावर एका ओळीत ठेवली. मग मोजा अक्कांना दिला. अक्कांनी टोकावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. त्या रडत होत्या, पण चेहऱ्यावर सुटकाही होती.

"तुम्ही दोघी कुठं भेटलात ते सापडत नाही," त्या म्हणाल्या. "चल. पहिला पण काढूया. जोडी बघू दे मला."

सुखदाने त्यांना धरून आत नेलं. अक्कांनी कपाट उघडलं आणि तळच्या कप्प्यातून कापडात गुंडाळलेला पहिला मोजा काढला. पद्मक्काने अकरा वर्षांपूर्वी, त्याच दिवशी सकाळी, पूर्ण केलेला. तो त्यांनी कधी घातला नव्हता. त्यांनी कापड उलगडलं आणि त्यांची बोटं मोज्याच्या टोकाशी थबकली.

"सुखदा," त्या म्हणाल्या. "बघ."

पहिल्या मोज्याचं टोक उघडं होतं. सोळा टाके समोर, सोळा मागे, एकही निसटलेला नाही. ते दोन ॲल्युमिनियमच्या सुयांवर नीट चढवलेले होते. डाव्या टोकाकडून हातभर लांब दोरा निघाला होता आणि त्याच्या शेवटी मोठी बोथट सुई ओवलेली होती.

सुखदा व्हरांड्यात धावली. कठडा रिकामा होता.

ती परत आली तेव्हा अक्का पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी सुईवरून बोट फिरवत टाके मोजले आणि हळूहळू त्यांचे खांदे सैल झाले.

"सोळा," त्या म्हणाल्या. "सरी म्हणाली ती. थांबते म्हणाली."

उघडा पडलेला मोजा अक्कांनी पत्र्याच्या डब्यात ठेवला आणि तयार झालेला सुखदाला दिला. दोन्ही एका खोलीत नकोत, एवढंच त्या म्हणाल्या. सुखदाने तो वर नेऊन, कपड्यांच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, एका पिशवीत ठेवला. ती तो ड्रॉवर सहसा उघडत नाही. एकदा चुकून हात लागला तेव्हा पिशवीवरूनही तो उबदार लागला होता.

रविवारी त्रिविक्रमअण्णा खरोखरच एका डॉक्टरांना घेऊन आले. ते अक्कांच्या नात्यातलेच निघाले. त्यांनी रक्तदाब बघितला, छाती ऐकली आणि सगळं ठीक आहे म्हणाले. अक्कांनी त्यांनाच विचारलं, की डोळ्यांचं ऑपरेशन लवकरात लवकर कधी होईल. अण्णा बघतच राहिले. फेब्रुवारीत उजवा डोळा झाला, एप्रिलमध्ये डावा. पहिली पट्टी निघाली त्या दिवशी अक्कांनी सुखदाला समोर बसवलं आणि इतका वेळ न्याहाळलं, की ती लाजली. "अय्यो, मला वाटलं तू सावळी आणि उंच असशील," त्या म्हणाल्या. "आवाजावरून तशी वाटतेस."

अण्णांनी डब्याबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही. पण रविवारी येतात तेव्हा आधी बहिणीच्या पायांकडे बघतात.

जूनमध्ये एका शनिवारी पाच वाजता सुखदा खाली उतरली तेव्हा अक्का व्हरांड्यात नवा चष्मा लावून बसल्या होत्या. मांडीवर पत्र्याचा डबा होता आणि झाकण उघडं होतं. बोट सुईवरून एकेक पुढे सरकत होतं आणि ओठ हलत होते. सुखदा पायरीवर थांबली. अक्कांचं मोजून झालं. त्यांनी झाकण लावलं आणि वर बघितलं.

"किती?" सुखदाने विचारलं.

"बैस," अक्का म्हणाल्या आणि पेला तिच्या बाजूला सरकवला. "कॉफी निवून चाललीय."